मुलगा की मुलगी, हे मी लिहिणार नाही

पोरांनो,

परवा तुमच्यातल्या मोठीचा फोन आला. म्हणाली, "आजी, आमच्या कॉलेजात वादविवाद आहे. गर्भपात आणि इच्छामरण, नैतिक की अनैतिक. मला विरुद्ध बाजू आलीये. तुझ्याकडे पाच-सहा चांगले मुद्दे असतील तर पाठव ना." बाजू आली म्हणजे कशी आली, असं मी विचारलं. चिठ्ठी काढली म्हणे.

मी दिग्रसच्या शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवलं आणि दरवर्षी मुलांना वादविवादाला तयार केलं. कुठल्याही विषयाच्या दोन्ही बाजूंचे मुद्दे, मराठीत आणि इंग्रजीत, मी वरणाला फोडणी देता देता सांगू शकते. म्हणून लगेच बसले. समास आखला, तीन मुद्दे लिहिले आणि चौथ्याला मला इतका राग आला की कागद उलटा करून ठेवून दिला. राग तुमच्यावर नव्हता. तो जुना आहे आणि तो का आला हे सांगितल्याशिवाय चौथा मुद्दा लिहिता येणार नाही, एवढं मला कळलं.

हे तुमच्या आत्याचं, माझ्या लेकीचं आहे, म्हणून आधी तिला विचारलं. ती म्हणाली, "लिही. पण मला वाचायला पाठवू नकोस." आणि हे आत्ताच लिहायचं कारण असं की एखाद्या लग्नात कोणीतरी मावशी-काकू तुमच्या कानात हे घालणारच आहे, आणि चुकीचं घालणार आहे.

तुमची आत्या घाटंजीला दिली तेव्हा आपला जिल्हा रोज पेपरात असायचा. कापसाचा भाव पडलेला, बोंडअळीने उरलंसुरलं नेलेलं, आणि आठवड्यात एखादी तरी बातमी फवारणीचं औषध प्यालेल्या माणसाची. मुंबई-दिल्लीहून गाड्या यायच्या. पाहुणे उतरायचे, फोटो काढायचे, 'जगणं' या विषयावर बोलायचे आणि उजेड असतानाच परत जायचे. एसटी स्टँडच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटने 'जीवन अनमोल आहे' असं रंगवलं होतं. तिथेच शेजारी कीटकनाशकाची जाहिरात होती. दोन्ही एकाच पेंटरच्या हातची, अक्षरावरून कळायचं.

तुमचे आतोबा सरकारी कापूस खरेदीच्या केंद्रावर ग्रेडर होते. गाडीतला कापूस मुठीत घेऊन, धागा ओढून, तो कुठल्या प्रतीचा ते ठरवायचं, हे त्यांचं काम. हंगामात त्यांना रजा नसायची आणि शिव्या मात्र रोज मिळायच्या. स्वभावाने गरीब माणूस. आईसमोर तर आणखी गरीब.

त्यांची आई, म्हणजे माझ्या विहीणबाई, त्या भागातल्या महिला मंडळाच्या अध्यक्ष होत्या. शाळा सातवीपर्यंतच झालेली, पण माईक हातात आला की मैदान गप्प करायच्या. त्या वर्षांत त्यांची दोन कामं चालू होती. ज्या घरात माणूस गेला त्या घरी जाऊन बसायचं, बाईला एकटं सोडायचं नाही. आणि पोटातल्या मुली वाचवायच्या. एका दवाखान्यात मुलगा-मुलगी सांगतात अशी कुणकुण लागली, तेव्हा त्यांनी बाया गोळा करून दारात थाळ्या वाजवल्या होत्या आणि मशीनला सील लागेपर्यंत उठल्या नव्हत्या. मला त्यांचा अभिमान होता. आजही आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून तुम्ही त्यांना खलनायिका कराल आणि मग सगळं सोपं होऊन जाईल.

आत्याला दिवस गेले. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, म्हणून दोन्ही घरी आनंद. पोळ्याच्या आधी यवतमाळला सोनोग्राफीला नेलं. आत्या, विहीणबाई आणि मी. डॉक्टरीणबाईंनी मशीन एकाच जागी पुन्हा पुन्हा फिरवून पाहिलं. मग मला बाजूला घेऊन इंग्रजीत सांगू लागल्या. विहीणबाई म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, पोट माह्या सुनेचं हाये. आमाले समजन असं सांगा."

मग त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. बाळाच्या डोक्याची कवटी तयारच झालेली नाही. मेंदू नसल्यासारखाच. पोटात वाढेल, हालेल, लाथाही मारेल. बाहेर आलं की काही तास, फार तर एखादा दिवस. उपाय नाही. यात कोणाची चूक नाही. कायद्याने वीस आठवड्यांच्या आत मोकळं करता येतं, अठरावा चालू आहे, दोन डॉक्टरांच्या सह्या लागतात, त्या मी बघते. लवकर या.

आत्या टेबलावरून उठून बसली, पोटावरचा तो चिकट लेप पुसला आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "मला हे थांबवायचं आहे. आत्ताच."

पोरांनो, हे वाक्य नीट लक्षात ठेवा. त्यानंतर कित्येक महिने इतकी माणसं इतकं बोलली, पण ज्या बाईच्या अंगात हे घडत होतं तिने पहिल्याच मिनिटाला उत्तर दिलेलं होतं. ते ऐकून विहीणबाई डॉक्टरीणबाईंकडे वळल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या,

"पोरगा हाये का पोरगी?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. डॉक्टरीणबाईंनाही तसंच वाटलं असावं. त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही विचारता? तुम्ही?"

"म्या विचारू नाई तं कोण विचारन? पोरगा असन तं सांगा. मंग आमी मोकळं करतो. कोनी काई म्हननार नाई. पन पोरगी असन, अन् माह्या घरातून पोट पाडलं, तं लोक म्हनतीन, पाहा, दुसऱ्याच्या दारात थाळ्या वाजवते अन् सोताच्या घरी..."

"मला सांगता येत नाही. सांगितलं तर मी आत जाईन. तुम्हीच पाठवाल."

"हे असं हाये, तरी बी?"

"तरीही."

आता तुम्ही हसाल. हसण्यासारखंच आहे. पोटातलं लेकरू जगणार नाही यावर कोणाचंही दुमत नव्हतं. तरी अडलं ते मुलगा की मुलगी याच्यावर. आणि अडवणारी बाई ती, जिने आयुष्यभर 'हा प्रश्न विचारू नका' म्हणून गावं पालथी घातली. मी तेव्हा हसले नाही. मी भांडले. स्टँडसमोरच्या हॉटेलात चहा पुढ्यात घेऊन मी एकामागून एक मुद्दे मांडले: कायदा काय म्हणतो, वैद्यक काय म्हणतं, आत्या काय म्हणते. विहीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "इहीनबाई, तुमचं सारं बरोबर हाये. पन मी आठवड्याले एका घरी जाऊन बसतो, जितं मानूस गेलेलं राह्यते. तितं म्या सांगतो, जीव आपल्या हातचा नाई, बाप्पा, देनाऱ्याचा हाये. अन् घरी येऊन म्या हातानं जीव काढू? मले तोंड कोनतं राहीन?"

चहा संपला होता आणि घाटंजीची गाडी लागली होती. आत्या खिडकीशी बसली होती. तिला कोणी काही विचारलं नाही. मीसुद्धा तिच्या वतीने बोलत होते, तिच्याशी नाही.

पुढचं मला सगळ्यात जास्त चीड आणतं, कारण ते कोणी दुष्टपणाने केलेलं नाही. पोळा आला. पोळ्याला घरात काही नको, म्हणाले. मग महालक्ष्म्या. तुमच्याकडे गौरी म्हणतात. आपल्या भागात त्या तीन दिवस बसतात आणि विहीणबाईंच्या घरच्या मोठ्या, गल्लीभर जेवण. घरात सुतक आलं तर महालक्ष्म्या बसत नाहीत. आणि पोट गेलं की सुतक. आतोबा मला फोनवर म्हणाले, "आई, महालक्ष्म्या झाल्या की लगेच नेतो. मी माह्या आईले तयार केलं हाये. फक्त महालक्ष्म्या होऊ द्या."

"जावईबापू, डॉक्टरीणबाईंनी लवकर या म्हटलंय. आठवडे भरताहेत."

"होते ना आई. दोनचार दिवसांचाच प्रश्न हाये."

मी महालक्ष्म्यांच्या जेवणाला गेले. आत्या पुरण वाटत होती. सोळा भाज्या, आंबील, कढी, वडे. बाया तिला म्हणत होत्या, "बस व बाई, तू नको करू, आवंदा तुले माफ हाये," आणि तिच्या कपाळाला कुंकू लावत होत्या. ती हसत होती. मला महालक्ष्म्यांच्या त्या दोन मुखवट्यांकडे बघवेना.

विसर्जन झाल्यावर त्यांनी नेलं. डॉक्टरीणबाईंनी माप घेतलं, पुन्हा घेतलं आणि म्हणाल्या, वीसच्या वर गेलंय. मला करता येत नाही. आता कोणीच करणार नाही. नागपूरला फोन लावून बघितला, तिकडूनही तेच. आतोबांनी हात जोडले. त्या म्हणाल्या, "तुमच्या आईंच्या मंडळाने आमच्यावर डोळा ठेवला आहे. महिन्यातून एकदा तपासायला माणसं येतात. योग्यच आहे ते. पण मग माझ्याकडून हेही मागू नका." विहीणबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं.

आता कायदा बदलला आहे, असं वाचते. अशा वेळी डॉक्टरांचं मंडळ बसतं आणि मुदत आडवी येत नाही. चांगलं झालं. तेव्हा नव्हतं.

मग आत्याने ते पूर्ण दिवस वाहिलं. वाहिलं हाच शब्द बरोबर आहे. दर आठवड्याला मी एसटीने जायचे. ती कामं करायची, पेपर वाचायची, माझ्याशी तुमच्या बाबांच्या लहानपणच्या खोड्यांबद्दल बोलायची. एकदाच म्हणाली, "आई, ते खूप हालतं गं. शेजारची म्हणते, जोरदार हाये. मी म्हटलं, हो." बाहेर कोणाला काही सांगायचं नाही, असं घरात ठरलं होतं. ठरवलं कोणी, हे मला कधी कळलं नाही. आपल्याकडे अशा गोष्टी ठरतात, ठरवणारा नसतो.

सांगायचं नाही म्हटल्यावर डोहाळजेवण आलंच. अध्यक्षांच्या सुनेचं डोहाळजेवण नाही म्हणजे गावाला संशय. हिरवी साडी, फुलांचे दागिने, झोपाळा. दोन झाकलेल्या वाट्या पुढे ठेवून एक उघडायला सांगतात ना, पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी, तो खेळ विहीणबाईंच्या मंडळाने कधीचा बंद केला होता. त्यांनी त्याची सुधारलेली रीत काढली होती: दोन्ही वाट्यांत साखर. जे उघडाल ते गोडच. त्यावरही बाया टोमणे मारायच्याच.

"ह्या ताईच्या राज्यात पेढा बी रेशनवर!"

"अव, साखर तं साखर. पन दोनी वाट्या सारख्याच असल्या तं मंग खेळाची मजा काय?"

"मजा तुले पुढं समजन, नववा सरला की!"

सगळ्या हसल्या. आत्याने दोन्ही वाट्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "मी नाही उघडत."

"लाजून राह्यली!"

"उघड व माय, साखरच हाये, विंचू थोडाच हाये!"

ती म्हणाली, "मला माहीत आहे काय आहे ते." आणि उठून आत गेली. बायांना वाटलं पोरगी मानी आहे. शिकलेल्या आईची लेक. माझ्याकडे बघून एकीने मान उडवली. विहीणबाईंनी पटकन वाटी उचलून साखर सगळ्यांच्या हातावर ठेवली आणि गाणं म्हणायला सांगितलं. मी त्या गाण्याला टाळ्या वाजवल्या. दुसरं काय करणार होते?

पौषात, कापूस वेचणीच्या ऐन दिवसांत, तिला यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात नेलं. सकाळी बाळंत झाली. बाळ जिवंत होतं. चेहरा भुवयांपर्यंत अगदी आपल्या घरचा, तुमच्या बाबांची हनुवटी. त्याच्या वर काही नव्हतं. नर्सने ते हिरव्या कापडात गुंडाळून आणलं आणि कापड वरून धरून ठेवलं, आम्हाला दिसू नये म्हणून.

तरुण डॉक्टर आला, अगदी कोवळा. म्हणाला, "काचेच्या पेटीत ठेवू. श्वासाला त्रास झाला तर नळी टाकू. नागपूरला न्यायचं असेल तर गाडीचं बघतो."

मी विचारलं, "वाचेल?"

"नाही, मॅडम."

"मग?"

"करता येण्यासारखं असतं ते करावं लागतं. नको असेल तर तसं लिहून द्या."

'नको' लिहून द्या. सगळा वाद त्या एका शब्दात आला होता, पोरांनो, आणि तो लिहायला आतोबा केंद्रावरून अजून पोचले नव्हते. विहीणबाईंनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "टाका नळी. काचीत ठेवा. जे हाये ते सारं करा. आमी नाई म्हननार नाई."

त्यांचं मला समजलं. 'नाही' म्हटलं की आपण मारलं. 'हो' म्हटलं की देवाने नेलं. त्या दोन शब्दांमध्ये त्यांनी स्वतःला उभं करून ठेवलं होतं, आणि तिथे त्यांच्या लेकराचं लेकरू नळ्या लावून पडलं असतं, आईपासून दूर, दुसऱ्या खोलीत, काचेत.

खाटेवरून आत्या म्हणाली, "माझ्याजवळ द्या."

विहीणबाई म्हणाल्या, "बेटा, तुले समजत नाई. तू थकली हायेस."

"मला समजतं. मला तेव्हाही समजलं होतं. ते माझं आहे. माझ्याजवळ द्या."

ती ओरडली नाही. डॉक्टर माझ्याकडे पाहू लागला. मी विहीणबाईंकडे पाहिलं. मग पिशवीतून त्यांनी एक कुंची काढली. लहान बाळाच्या डोक्याला घालतात ती, मागे पाठीवर सोडलेली. त्यांनी ती स्वतः शिवली होती. कधी शिवली, आम्हाला माहीत नव्हतं. नर्सच्या हातून त्यांनी बाळ घेतलं, कापड बाजूला केलं, सगळं पाहिलं, आणि कुंची घातली. हनुवटीखाली नाडी बांधली. बांधताना म्हणाल्या, "थंडी हाये न व." मग ते आत्याच्या कुशीत दिलं.

आतोबा दुपारी आले. स्वेटरवर कापसाचे तंतू चिकटलेले. त्यांनी डॉक्टरने दिलेल्या कागदावर सही केली आणि खाटेच्या कडेला बसले. बाळ आत्याच्या छातीवर होतं. दूध पाजायचं नाही असं सांगितलं होतं, म्हणून विहीणबाई ओलं बोट अधूनमधून त्याच्या ओठांना लावत होत्या. शेजारच्या खाटेवरची एक मुसलमान बाई, जिला आदल्या दिवशी मुलगी झाली होती, तिने आपल्याकडची जाड चादर न विचारता पाठवून दिली. संध्याकाळी दिवे लागायच्या सुमारास ते गेलं. आईच्या अंगावर गेलं. काही वेळ आम्हाला कळलंही नाही, फक्त आत्याला कळलं होतं.

एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत. घाटंजीच्या रस्त्याला आतोबांचं वावर होतं, तिथे धुऱ्याजवळच्या, म्हणजे बांधाला लागून असलेल्या कोपऱ्यात पुरलं. पराटी, म्हणजे कपाशीची झाडं, उभी होती, वेचणीच्या बाया दुसऱ्या बाजूला होत्या. आतोबांनी खड्डा केला. विहीणबाईंनी मूठभर मीठ टाकलं. कुंची काढू नका, असं त्यांनी बजावून सांगितलं.

मग माणसं येऊ लागली. आणि आलेल्या प्रत्येकाने, खरंच प्रत्येकाने, आधी तोच प्रश्न विचारला. पाणी प्यायच्या आधी. "काय झालं होतं? पोरगा का पोरगी?" पोरगा म्हटलं असतं तर म्हणाले असते, अरेरे. पोरगी म्हटलं असतं तर मनात म्हणाले असते, हं. मी तुम्हालाही सांगणार नाही. तुम्ही विचाराल हे मला माहीत आहे. तुमच्या जिभेवर तो आत्ताच आला असेल. ज्या प्रश्नापायी ते लेकरू पोटात एवढं वाहावं लागलं, त्याचं उत्तर देण्याइतकी मी उदार नाही.

तो हंगाम सरता सरता दिग्रसला व्याख्यानमालेत एक परिसंवाद ठेवला. विषय: गर्भपात आणि इच्छामरण, नैतिक की अनैतिक. हो, अगदी तुमचाच. मला अध्यक्ष केलं, कारण निवृत्त शिक्षिका वेळ पाळते. बाजूने बोलायला नागपूरचे एक प्राध्यापक. विरुद्ध बाजूला विहीणबाई. त्यांचं नाव आधीच छापलं होतं, नाही म्हणता आलं नाही, असं त्या म्हणाल्या.

प्राध्यापक छान बोलले. परदेशातले कायदे सांगितले, भीष्माचं इच्छामरण सांगितलं, माणसाला सन्मानाने जाण्याचा हक्क आहे म्हणाले. पुढच्या रांगेत अशा घरातल्या दोन बाया बसल्या होत्या जिथे माणूस औषध पिऊन गेला होता. त्यांना हक्क हा शब्द कसा ऐकू आला असेल, हे प्राध्यापकांच्या लक्षात आलं नाही. पाहुणे होते ते. मग विहीणबाई उठल्या. त्यांनीही भीष्मच काढला: बाणांवर पडला, पण उत्तरायणापर्यंत थांबला, घाई केली नाही. बिचाऱ्या भीष्माला त्या संध्याकाळी दोन्हीकडून ओढलं.

मी वाट पाहत होते. मला वाटलं, आता सांगतील. मधेच त्या थांबल्या, पाणी प्यायल्या, पेला खाली ठेवून पुन्हा उचलला. आणि मग नेहमीचंच भाषण. जीव देणारा तो, घेणारा तो, आपण कोण. पोटातली पोर म्हणजे लक्ष्मी. टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या त्या दोन बायाही वाजवत होत्या.

समारोपाला मी उभी राहिले. माझ्या ओळखीच्या एका बाईबद्दल मला काही सांगायचं आहे, एवढं म्हटलं, आणि लाइट गेली. भारनियमनाची वेळ झाली होती. आयोजक मघापासून मला खुणा करत होते. माईक बंद, लोक चपला शोधू लागले. मी तरीही आवाज चढवून दोन वाक्यं बोलले. ती कोणाला ऐकू गेली, ते माहीत नाही. आभार मात्र अंधारातही रीतसर मानले गेले.

बाहेर जीपजवळ मी विहीणबाईंना गाठलं.

"का नाही सांगितलंत?"

"काय सांगू?"

"जे झालं ते. तुम्ही सांगितलं असतं तर लोकांनी ऐकलं असतं. माझं कोण ऐकतं?"

त्या म्हणाल्या, "इहीनबाई, माह्या तोंडाकडं पाहून कितीक बाया पोटात पोर ठेवतात. सासरा मारते, नवरा मारते, तरी ठेवतात. म्या आज म्हनलं, आमी बी मोकळं कराले गेलतो, तं उद्या त्याईचे नवरे म्हनतीन, पाहा, ताईनं बी केलं असतं. कवटी नाई, मेंदू नाई, एवढं कोन आयकते? लोक अर्धं आयकतात. म्या अर्ध्यासाठी बोलतो."

"आणि माझ्या लेकीचं पूर्ण?"

"ते तुमी अन् म्या जानतो."

"मग खरं बोलायची जागा कुठे आहे?"

"आत्ता बोलून राह्यलो न आपन," असं म्हणून त्या जीपमध्ये बसल्या. बसताना माझा हात धरला होता, तो गाडी सुरू झाल्यावर सोडला.

मला अजून याचं उत्तर सापडलेलं नाही, आणि म्हणून माझा राग जात नाही. त्या चूक होत्या, असं मला म्हणता येत नाही. त्या बरोबर होत्या, असं म्हटलं तर माझ्या लेकीने कशासाठी सोसलं? व्यासपीठावर ज्यांना बाजू असते त्यांना टाळ्या मिळतात. जिच्या पोटात ते असतं तिला बाजू नसते, फक्त दिवस असतात, आणि ते भरत जातात. मोठीने मुद्दे मागितले होते. माझ्याकडे हा एवढाच आहे: बोलायला उठण्याआधी त्या खोलीत पहिलं वाक्य कोणी बोललं होतं ते शोध. चिठ्ठीत काहीही आलेलं असू दे.

आत्याने पुन्हा मूल होऊ दिलं नाही. तो निर्णय तिने कोणाला विचारून घेतला नाही आणि कोणी तिला विचारायची हिंमत केली नाही. विहीणबाईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेवटी त्यांनाही दवाखान्यात, काचेमागे, नळ्या लावून ठेवायचं का, असा प्रश्न आला होता. आतोबांनी आत्याकडे पाहिलं. आत्या म्हणाली, "घरी नेऊ." घरी नेलं. आत्याच ओलं बोट त्यांच्या ओठांना लावत होती, असं आतोबांनी मला सांगितलं.

वावर त्या असतानाच मक्त्याने, म्हणजे खंडाने कसायला, दिलं होतं, जवळच्या तांड्यावरच्या एका बंजारा कुटुंबाला. देताना विहीणबाईंनी एकच अट घातली होती, कारण सांगितलं नव्हतं. बैल गेले, ट्रॅक्टर आला, कपाशीच्या जागी काही वर्षं सोयाबीन आलं आणि पुन्हा कपाशी. धुऱ्याजवळचा, एका खाटेएवढा तो तुकडा त्यांनी अजून नांगरलेला नाही. तिथे गवत आहे.